ताई म्हणाली, चालेल

खैतान, कुवेत
७ फेब्रुवारी २०२५

प्रिय ताई,

नमस्कार. आम्ही तिघंही ठणठणीत आहोत, हे आधीच लिहून टाकतो, नाहीतर माझा मेल दिसला की तुझा जीव खालीवर होतो. फोनवर तुला हल्ली नीट ऐकू येत नाही, आणि मी आवाज चढवला की मुक्ता आतून विचारते, "ताईंशी भांडताय का?" प्रयोगशाळेत आयुष्यभर बंदुका उडवून तू कान घालवलेस आणि आता आमच्या बोटांना कामाला लावलंस.

स्पृहाची बारावीची परीक्षा जवळ आली आहे. अभ्यास झाला का विचारलं की "बाबा, प्लीज, आय नो व्हॉट आय ॲम डूइंग" असं उत्तर येतं. मराठी सगळी कळते, पण तोंडातून येते ती इंग्रजी. मुक्ताचं बँकेतलं काम नेहमीसारखं. थंडी यंदा छान पडली. आमच्या बिल्डिंगच्या हारिसनं, म्हणजे वॉचमननं, गच्चीवर डब्यांतून कोथिंबीर लावली आहे आणि सगळ्या मजल्यांवर वाटत फिरतो आहे.

आता मुद्द्याचं. मला तुझा सल्ला हवाय आणि तो बंदुकीबद्दल हवाय. हसू नकोस.

आमचे मालक बू तलाल तुला माझ्या बोलण्यातून माहीत आहेत. (तलालचे वडील म्हणून बू तलाल. इथे माणसाला मोठ्या मुलाच्या नावानं हाक मारायची रीत आहे.) तेलविहिरींना लागणारे व्हॉल्व्ह आणि पाइप आम्ही विकतो, सुलैबियात गोदाम आहे, तिथेच माझं ऑफिस. हा माणूस तरुणपणी शिकायला अमेरिकेत होता. तिथे ज्यांच्या घरी राहायचा त्यांच्याकडे एक जुनी लिव्हर ॲक्शन रायफल होती. चापाभोवती कडी असते, तीत बोटं घालून खाली ढकलायची आणि परत वर घ्यायची, की रिकामी पुंगळी उडून बाहेर आणि नवं काडतूस आत. हे मी तुला सांगतोय म्हणजे कमालच. तर साहेबांचा त्या बंदुकीवर तेव्हापासून जीव. आता साठी उलटली, उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं, आणि त्यांनी मनात घेतलंय की दक्षिण आफ्रिकेत जाऊन एकदा रानरेड्याची शिकार करायची, आणि तीही तसल्याच रायफलीनं. तिथल्या शिकार-वाडीत परवाना, बंदूक, काडतुसं सगळी सोय ते करतात. आपण फक्त काय हवं ते आधी कळवायचं.

गेल्या शुक्रवारी जहराच्या पुढे वाळवंटात त्यांच्या तंबूवर जेवण होतं. मी नेहमीसारखा दाराशी बसलो होतो. त्यांचे मित्र चिडवत होते, "ही सिनेमातली बंदूक घेऊन जाणार? रेडा हसेल तुला!" साहेब माझ्याकडे वळून म्हणाले, "अनूब, तू इंजिनिअर ना, तू सांग." (अरबीत 'प' नाही, म्हणून मी इथे अनूब.) मी म्हटलं, मला काही कळत नाही, पण माझी मोठी बहीण शस्त्रतज्ज्ञ होती, कोर्टात तिची साक्ष म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. ताई, सगळा तंबू माझ्याकडे वळला. साहेबांनी मला उठवून स्वतःच्या शेजारी गादीवर बसवलं. "एक बाई? बंदुकांची तज्ज्ञ?" तुझ्याबद्दल किती विचारत होते! मी जरा चढवूनच सांगितलं, माफ कर.

त्यांच्यापुढे काडतुसांच्या मापाचे तीन पर्याय आहेत. थर्टी-थर्टी, जी त्यांनी तरुणपणी उडवली होती. थ्री-नॉट-एट, जी नव्या धाटणीच्या लिव्हर रायफलीत येते. आणि पंचेचाळीस-सत्तर, अंगठ्याएवढं जाड काडतूस. या तिसऱ्यात म्हणे हलकी आणि जड अशी दोन प्रकारची मिळतात. जड काडतुसाचा धक्का साहेबांनी अमेरिकेतल्या मित्राकडे एकदा खाल्लाय. त्यानंतर कितीतरी दिवस हात वर करता येत नव्हता.

शिकार तुला आवडत नाही हे मला माहीत आहे. मलाही कुठे आवडते? पण तेवढं सांग. सगळे वाट बघताहेत.

तुझा,
अनुप


खैतान, कुवेत
४ एप्रिल २०२५

प्रिय ताई,

तुला पाडव्याचा नमस्कार, उशिरानं. यंदा पाडवा आणि इथली ईद एकाच दिवशी आली, त्यामुळे सगळ्या कुवेतलाच सुट्टी आणि आपल्याला श्रीखंडासाठी दही सापडेना. जमइयात, म्हणजे आमच्या कोपऱ्यावरच्या सहकारी दुकानात, फळ्या रिकाम्या. शेवटी मुक्तानं लबनेचं श्रीखंड केलं. इथलं हे घट्ट दही असतं, चक्का टांगायची कटकट नाही. जमलं बरं का. स्पृहा दोन वाट्या खाऊन म्हणाली, "इट्स चीजकेक, बेसिकली." परीक्षा संपली तिची. पेपर चांगले गेले म्हणते.

मंडळाच्या कार्यक्रमात मला या वेळी सूत्रसंचालन दिलं होतं. बोलताना एकदा माइक बंद पडला, पण लोक हसून घेतात. उन्हाळा आता दारात आहे. परवा धुळीचं वादळ येऊन गेलं, खिडक्यांना ओले टॉवेल लावून बसलो होतो. तुझ्या गुडघ्याचं काय झालं? तेल लावतेस की नुसती बाटली उशाशी ठेवतेस?

हो, तुझं उत्तर मिळालं. मिळून बरेच दिवस झाले, कळवायचं राहिलं. किती नीट लिहिलं होतंस! थर्टी-थर्टी हरणापुरती ठीक. थ्री-नॉट-एट लांबवर सरळ जाते, पण एवढ्या जनावराला बारीक. पंचेचाळीस-सत्तर घ्यायची तर घ्यावी, पण नावाला भुलू नये: हलकी काडतुसं जुन्या कमजोर बंदुकांसाठी भरलेली असतात, त्यातली मऊ शिशाची गोळी खांद्याच्या हाडावर चपटी होईल, आत पोचणार नाही. रानरेड्याला फक्त जड, पूर्ण दारूची, कडक धातूची. आणि तीही पुढून सपाट, कारण त्या रायफलीत काडतुसं एकामागे एक रांगेत असतात आणि एकाचं टोक पुढच्याच्या बुडावर टेकलेलं असतं, टोकदार असेल तर धक्क्यानं पुढचं आतच उडायचं. मला हे वाचताना तू साक्षीला उभी राहिलीस असंच वाटलं. आणि खालचं ते वाक्य, "खांद्याला सोसवत नसेल त्यानं रानरेडा मारायला जाऊ नये, कॅमेरा न्यावा." अगदी तू!

"हे माझं मत आहे, दाखला नाही, तिथल्या शिकाऱ्याचा शब्द शेवटचा," असंही लिहिलंस, तेही लक्षात आहे.

तर पंचेचाळीस-सत्तर ठरली. साहेब फार खूश आहेत. काडतुसांचं म्हणशील तर तुझं म्हणणं मी त्यांच्या कानावर घातलं, बहुतेक सगळं. शेवटी काय, खांदा त्यांचा, हौस त्यांची, आणि सोबत तिथला शिकारी त्याची मोठी बंदूक घेऊन असणारच आहे. आपण सांगायचं काम केलं.

मलाही बरोबर नेणार आहेत. मे अखेरीस. मी म्हटलं मी कशाला, तर म्हणाले, "तू नसतास तर मी अजून मित्रांशी वादच घालत बसलो असतो." मुक्ता म्हणते, प्राणी मारायला कसले जाता? मी म्हटलं, मी फोटो काढणार.

आणि हो, साहेबांनी तुझा पत्ता मागितला. खजुरांचा मोठा डबा पाठवलाय, कुरियरनं येईल. नको म्हणू नकोस, त्यांना वाईट वाटेल. शेजारीपाजारी वाट.

अजून बरंच लिहायचं होतं, पण आता राहू दे.

तुझा,
अनुप


खैतान, कुवेत
११ जुलै २०२५

प्रिय ताई,

आम्ही बरे आहोत. तुझे दोन्ही मेल मिळाले होते. "शिकार कशी झाली? गप्प का आहेस?" असं तू विचारलंस आणि मी ऑफिसात बसून ते उघडून वाचून बंद करत राहिलो. आज लिहितोय, कारण काल मुक्तानं विचारलं, "ताईंना कळवलंत का?" मी नाही म्हटलं. ती म्हणाली, "मग माझ्याशी बोलू नका. आधी त्यांना लिहा." ती आणि स्पृहा बाहेर गेल्या आहेत. बाहेर पन्नासच्या वर पारा आहे आणि मी एसीत घामेजून बसलोय.

मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की तुझं म्हणणं साहेबांच्या कानावर घातलं. ते खोटं होतं. मी तुझं म्हणणं घातलं नाही. मी तुझ्या नावावर उलटंच सांगितलं.

कसं झालं ते सांगतो. तुझं उत्तर आलं त्या सुमारास एका संध्याकाळी साहेबांच्या दिवानियात, म्हणजे त्यांच्या घराच्या बाहेरच्या बैठकीत, आम्ही बसलो होतो. आता माझी जागा त्यांच्या शेजारी असायची. आफ्रिकेतल्या शिकाऱ्याचा निरोप आला होता की जड काडतुसंच लागतील. साहेब खांदा चोळत म्हणाले, "जड नाही जमणार मला. अनूब, बहीण काय म्हणाली? हलकं चालेल ना?" त्यांचा एक मित्र म्हणाला, "नाही चालणार. बू तलाल, तू आपला ससे मार!" सगळे हसले. साहेबही हसले, पण त्यांचा चेहरा उतरला, एखाद्या पोराला घरी बस म्हटल्यावर उतरतो तसा. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी म्हटलं, "ताई म्हणाली, चालेल. फक्त जवळून मारा."

एवढं निघालं तोंडातून. साहेबांनी माझ्या मांडीवर थाप मारली, मित्राला म्हणाले, "ऐकलंस? कोर्ट बोललं!" मला वाटलं, उद्या एकटे असताना सांगू की थोडी शंका आहे म्हणून. उद्या सांगितलं नाही. परवाही नाही.

त्या आठवड्यात ऑफिसात शिकाऱ्याबरोबर व्हिडिओ कॉल झाला. कोबस त्याचं नाव. उन्हानं रापलेला, मोजकं बोलणारा माणूस. तो म्हणाला, "मला हलकी गोळी पसंत नाही." साहेब म्हणाले, "यांच्या भगिनी तज्ज्ञ आहेत, आयुष्य सरकारी प्रयोगशाळेत गेलंय." कोबसनं मला विचारलं, "मॅडमना माहीत आहे ना, जनावर कोणतं आहे? रानरेड्यासाठी म्हणाल्या त्या?"

ताई, तिथे मला थांबता आलं असतं. त्यानं सरळ विचारलं होतं. मी "येस" म्हटलं. त्यानं तुझं नाव विचारलं, मी सांगितलं, हुद्द्यासकट. तो म्हणाला, "ठीक. पण अगदी जवळ गेल्याशिवाय आणि रेडा आडवा उभा असल्याशिवाय गोळी झाडायची नाही. आणि मी मागे असेन." तुझ्या हुद्द्याचा त्यानं मान ठेवला. जिनं कधी न तपासलेल्या गोष्टीवर सही केली नाही अशा बाईच्या हुद्द्याचा.

मग तुला खजूर गेले. तू कळवलंस, फार उत्तम आहेत, मालकांचे आभार मान. मी आभार पोचवले.

आता तिकडचं. मे महिन्यात तिकडे थंडी असते. झुडपं करडी, जमीन लाल. पहिल्या दिवशी निशाणावर सराव झाला. साहेबांचा नेम खरंच चांगला आहे, हे मला सांगायलाच हवं. कडी खालीवर करताना त्यांचा चेहरा असा खुलला होता की मी मनातल्या मनात स्वतःला माफ करून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चौघं निघालो. पुढे माग काढणारा, रिसिमाती. चाळिशीचा असेल. चालताना माझ्याकडे बघून हातानं सांगायचा, इथे काटा, इथे दगड. मला चालायला जमत नव्हतं हे त्याच्या लक्षात आलं होतं आणि त्यानं ते हसण्यावारी नेलं नाही. त्याच्या मागे कोबस, मग साहेब, शेवटी कॅमेरा घेऊन मी.

दोन रेडे होते, एका वाळलेल्या ओढ्याच्या काठाला. वाऱ्याची दिशा सांभाळत रिसिमातीनं आम्हाला इतकं जवळ नेलं की मला त्यांच्या श्वासाचा आवाज येत होता. मोठा रेडा आडवा उभा होता, सांगितलं होतं अगदी तसा. साहेबांनी गोळी झाडली. लागली, बरोबर खांद्यावर, जिथे लागायला हवी तिथेच. कडी फिरवून दुसरीही झाडली. रेडा दचकला, वळला आणि काटेरी झुडपांत शिरला. कोबसनं त्याची मोठी बंदूक उडवली, पण मध्ये झाड आलं.

आम्ही थांबलो. साहेब माझ्या कानात म्हणाले, "लागली ना? चांगली लागली ना?" मी म्हटलं, "उत्तम लागली." कोबस त्याच्या बंदुकीत काडतूस भरत होता. थोड्या वेळानं माग काढायला लागलो. रक्त होतं, पण थोडंच. पुढे गेल्यावर तेही संपलं. रिसिमाती वाकून जमीन बघत होता. त्यानं मान वर करून कोबसला त्यांच्या भाषेत काहीतरी विचारलं आणि कोबसनं मागे वळून आमच्याकडे पाहिलं. मला शब्द कळले नाहीत. प्रश्न कळला. इतक्या जवळून खांद्यावर लागलेली गोळी आत का गेली नाही, हाच तो प्रश्न होता. आणि त्याचं उत्तर तिथे फक्त मला माहीत होतं, ताई. तुझ्याच शब्दांत माहीत होतं.

तेव्हाही मी बोललो असतो तर कोबसनं आम्हाला मागे ठेवून वेगळ्या तयारीनं शोध घेतला असता, असं तो आता म्हणतो. मी पाण्याची बाटली उघडून पाणी प्यायलो.

रेडा समोरून आला नाही. तो वळसा घालून आमच्याच वाटेच्या बाजूला येऊन उभा राहिला होता. झुडूप हललं आणि तो रिसिमातीवर आला. मी पाहिलं म्हणजे काय पाहिलं, मला नीट सांगता येत नाही. तो माणूस वर गेला आणि खाली पडला. कोबसनं अगदी जवळून दोन गोळ्या घातल्या, तेव्हा रेडा रिसिमातीच्या शेजारीच कोसळला.

त्याची मांडी वरपासून उघडी पडली होती. कोबसनं पट्टा आवळला आणि मला ओरडून सांगितलं, इथे दाब, सोडू नकोस. मी दाबून धरलं. हेलिकॉप्टर येईपर्यंत धरलं. रिसिमाती शुद्धीत होता. माझ्याकडे बघत होता आणि मधूनच माझ्या मनगटावर हात ठेवत होता, मलाच धीर देत असल्यासारखा. साहेब बाजूला मातीत गुडघ्यांवर बसून दुवा मागत होते.

तो वाचला. पाय गेला. गुडघ्याच्या वरून काढावा लागला.

दुसऱ्या दिवशी वाडीवर रेडा सोलला तेव्हा कोबसनं मला बोलावलं. खांद्याच्या हाडावर गोळी सापडली होती. नाण्यासारखी चपटी. हाडाच्या पलीकडे गेलीच नव्हती. ती त्यानं माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाला, "मॅडमना दाखव. त्यांना उपयोग होईल." टोमणा नव्हता त्याच्या बोलण्यात. त्याला वाटत होतं, एक तज्ज्ञ चुकली आहे, तिला कळलेलं बरं. मी ती तिथेच खोलीच्या खिडकीत ठेवून आलो.

परत आलो. साहेबांनी रिसिमातीच्या उपचारांची सगळी जबाबदारी घेतली, रोज फोन लावतात. दिवानियात शिकारीचं नाव कोणी काढत नाही. मी गप्प बसलो ते केवळ त्यामुळे नाही. मला आशा होती की हे असंच विरून जाईल. मग एका दुपारी साहेब माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, "अनूब, तुझ्या बहिणीला हे कळवलं नाहीस ना? नको कळवूस. जाणकार माणसाचंही चुकतं. तिला या वयात फार लागेल." मी मान हलवली. त्या क्षणी मी बोललो नाही, ही सगळ्यांत मोठी लाज. तो माणूस तुला सांभाळत होता, जिला त्यानं कधी पाहिलं नाही. आणि मी तुझा भाऊ.

त्यानंतर कोबसचा मेल आला की चौकशीचा अहवाल द्यायचा आहे, काडतुसं तज्ज्ञांच्या सल्ल्यानं निवडली असं तो लिहितोय, तुझ्या नावाचं स्पेलिंग तपासून दे.

स्पेलिंग तपासून दे, ताई.

मंगळवारी सकाळी सुलैबियाला पोचल्यावर मी सरळ साहेबांच्या खोलीत गेलो. बस म्हणाले, बसलो नाही. म्हटलं, "माझी बहीण नाही म्हणाली होती. स्पष्ट नाही. मी तुम्हाला उलटं सांगितलं."

 त्यांनी विचारलं, "तुला माझी भीती वाटली?"

"नाही."

"मी तुला कामावरून काढीन असं वाटलं?"

"नाही, साहेब."

"मग का?"

मी म्हटलं, "तुम्ही मला शेजारी बसवलं होतं. मला परत दाराशी जायचं नव्हतं."

ते म्हणाले, "अनूब, ती जागा तुझ्या बहिणीमुळे नव्हती. तू माझ्याकडे इतकी वर्षं आहेस, तुला कधीच बसवायला हवं होतं, मला सुचलं नव्हतं एवढंच. तू नाही म्हणाला असतास तर मी दोन दिवस फुगून बसलो असतो. दोन दिवस! आणि हरीण मारून परत आलो असतो." मग म्हणाले, "मी रिसिमातीच्या बायकोला सांगितलं होतं की कोणाची चूक नाही, नशीब."

मी म्हटलं, मी राजीनामा देतो. तेव्हा मात्र ते रागावले. "राजीनामा देऊन तू नाशिकला जाशील आणि इथलं विसरशील. नाही. ऑगस्टमध्ये मी त्याला भेटायला जातोय. तू येशील. त्याला तू सांगशील, तुझ्या तोंडानं. मी शेजारी उभा राहीन, पण बोलणार नाही."

त्याच दिवशी मी कोबसला फोन केला. तो सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "परवाना माझ्या नावावर आहे, मीही नाही म्हणायला हवं होतं. पण बाईंचं नाव मी काढतो. तुझं घालतो." मी घाल म्हटलं. तिकडून आता तुला कोणाचा मेल येणार नाही. आलाच तर जे खरं ते लिही, मला वाचवायला काही लिहू नकोस. तू तसं करणार नाहीस, तरी लिहितो.

संध्याकाळी मुक्ताला सांगितलं. स्पृहानंही ऐकलं. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "आत्या काय म्हणेल, बाबा?" मराठीत म्हणाली.

तू काय म्हणशील, हे मला माहीत नाही. चूक झाली, माफ कर, असं लिहून मोकळं व्हावं अशी ही गोष्ट नाही, आणि माफी आधी तुझ्याकडे मागायचीही नाही. ती रिसिमातीकडे मागायची. त्याच्याशी बोलताना मला तुझं नाव परत घ्यावं लागणार आहे. कोणीतरी आधीच नको म्हणून बजावलं होतं आणि मी ते ऐकूनही लपवलं, एवढं त्याला कळायलाच हवं. तू जे लिहिलंस ते शब्दशः सांगीन, कमी-जास्त न करता. पण या वेळी तुला विचारल्याशिवाय तुझं नाव तोंडात आणणार नाही.

परवानगी देतेस का, तेवढंच कळव. बाकी काही लिहावंसं वाटलं नाही तर नको लिहूस.

तुझ्या नावानं खोटं बोललेला,
अनुप